तुम्हाला नाही कळणार

मध्यंतरी धाकट्या भावाच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली. रक्तवाहिनीला फुगा आला होता, त्याच्या मानेवर बारीक क्लिप लावून तो बंद करायचा होता. आदल्या दिवशी इंग्रजी कागद सहीला आला. त्यात 'आयसीजी' हे काय, असं विचारलं. तरुण डॉक्टर हसून म्हणाले, "आजोबा, टेक्निकल आहे ते. तुम्हाला नाही कळणार."

मंडळी, ३४ वर्षं शाळेत शिकवलं. पोराला कळलं नाही तर मास्तर कमी पडला, हा आमचा हिशेब! सही केली नाही. रात्री नातीला कॉम्प्युटरवर बसवलं. जे कळलं ते असं.

आयसीजी म्हणजे इंडोसायनिन ग्रीन, एक हिरवा रंग. यकृताच्या आणि हृदयाच्या तपासण्यांत तो फार जुना, मेंदूतल्या वाहिन्या पाहायला मात्र २००३ च्या सुमारास आला. क्लिप लावली की तो शिरेतून देतात. सूक्ष्मदर्शकातून अवरक्त प्रकाश टाकला की रक्तातला रंग चमकतो आणि पडद्यावर वाहत्या वाहिन्या पांढऱ्या उजळतात. फुगा काळा राहिला तर क्लिप बसली. पण शेजारची बारीक वाहिनीही काळी राहिली तर तीही क्लिपमध्ये चिमटली. क्लिप लगेच सरकवायला हवी, नाहीतर लकव्याची भीती.

झालं. सातवीतल्या पोराला कळेल. डॉक्टरांना वेळ नसतो म्हणतात. याला दोन मिनिटं लागतात!

न सांगितल्यानं काय बिघडतं? या रंगात थोडं आयोडाइड असतं, त्यामुळे ॲलर्जी विचारावी लागते. भावाला पूर्वी एका तपासणीच्या इंजेक्शननं अंगभर गांधी उठल्या होत्या. हे कागदाला कुठून ठाऊक? सकाळी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, नोंद केली. मग मी सही केली.

दुसरं असं, की सूक्ष्मदर्शकासमोर जे उघडं आहे तेवढंच उजळतं. वाहिनीच्या मागे, गुठळीखाली काय आहे ते हा प्रकाश दाखवत नाही. "मशीननं पाहिलंय" म्हणून घरच्यांना गप्प बसवणाऱ्यांनी हेही सांगावं.

भाऊ आता बरा आहे. डॉक्टरांच्या हाताला यश आहे, त्याबद्दल हात जोडतो. पण न कळता केलेली सही ही संमती नसते हो, तो अंगठा असतो. आणि शिकल्यासवरल्या माणसाला अंगठेबहाद्दर करायचा हक्क कुणालाच नाही.

बघा पटतंय का.