कबरी वेल

सोनईच्या उन्हात आयव्ही लावणाऱ्या माणसाला शहाणा म्हणावे, असा माझा मुळीच आग्रह नाही. विलायती कादंबऱ्यांतून जुन्या भिंतींवर चढणारी ही वेल वाचून वाचून डोक्यात भरलेली. त्यात महाबळेश्वरच्या एका रोपवाटिकेत तिची कबरी जात दिसली. हिरव्या पानाला दुधाची साय लागावी तशी पांढरी कड! एस.टी.त कुंडी मांडीवर घेऊनच घरी आलो.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो आणि ही तर थंड हवेची लेक. तेव्हा घराच्या उत्तरेची सावली तिला दिली. काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून वाळू आणि कारखान्याची चांगली कुजलेली मळी मिसळली. कोरड्या हवेत पानांच्या पाठीला लाल कोळी लागतो. पाने उलटी करकरून धुवावी लागतात. (शेजारी विचारतात, “सर, आज न्हाऊ घातलं का?”)

पण खरी पंचाईत निराळीच. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते. त्याला अन्न करता येत नाही. हिरव्याने कमवावे आणि पांढऱ्याने मिरवावे, असा हा संसार. मधूनच एखादा फुटवा निव्वळ हिरवा निघतो. तो दुप्पट जोमाने वाढतो आणि तसाच राहू दिला तर कबऱ्या फांद्यांना झाकून टाकतो. म्हणून तो दिसताच बुडापासून कापायचा.

पहिल्यांदा कात्री लावली, तेव्हा आई ओट्यावर गहू निवडत होती.

“आरं, जित्ता कोंब कापतो व्हय?”

मी हरितद्रव्यावर व्याख्यान दिले. वर्गात पोरे ऐकतात, तसेच तिने ते ऐकले. मग म्हणाली, “म्हंजी कमावत्याला मारायचं आन् आजाऱ्याला जपायचं.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. १९७२ च्या दुष्काळात ती ऐन तरुण होती. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची, रेशनवरचा मिलो दळायची. कोसभर चालून गेले तरी डोळ्याला हिरवे पान दिसायचे नाही, एवढेच ती त्या वर्षाबद्दल सांगते; पुढे विचारले की पदर सारखा करून चुलीकडे वळते. तिच्यासमोर मी कात्री घेऊन हिरवे कापत होतो, तेही शोभेसाठी!

कात्री मात्र मी सोडली नाही, हेही कबूल करतो.

आईने वाद घातला नाही. कापलेले कोंब उचलले, तेलाच्या जुन्या डब्याला बुडाशी भोके पाडली आणि मोरीमागच्या सावलीत ते खोचले. आयव्हीच्या कांडीला मुळ्या सहज फुटतात. पुढच्या कुंडीतली माझी कबरी दोन वर्षांत जेमतेम वीतभर चढली आहे. मागची हिरवी न्हाणीच्या भिंतीवर माझ्या खांद्याला लागली.

हल्ली रविवारी मी कुंडीपाशी बसलो की आई शेजारी येऊन उभी राहते. बोलत काही नाही. कात्रीचा आवाज झाला की हात तेवढा पुढे करते.