जानेवारीतलं महाबळेश्वर

महाबळेश्वर म्हटलं की आपल्याला मे महिना आठवतो: पसरणी घाटातली गाड्यांची रांग, वेण्णा तलावावरची झुंबड, दुप्पट झालेलं खोलीभाडं. नाताळ-नववर्षाची गर्दी ओसरल्यावर, जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी तिथे जाऊन बघा. थंडीचा कडाका वाढला की वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दव गोठतं. पहाटे गवतावर, गाड्यांच्या टपावर पांढरा थर दिसतो आणि ऊन चढलं की तो विरघळून जातो. उन्हाळ्यात धुरकट दिसणाऱ्या दऱ्या आता स्वच्छ असतात. केट्स पॉइंटवरून धोमचं पाणी आणि बॉम्बे पॉइंटवरून प्रतापगड निवांत न्याहाळता येतो, मागून कुणी धक्का देत नाही. क्षेत्र महाबळेश्वरातल्या जुन्या कृष्णाबाईच्या देवळात गोमुखातून पडणाऱ्या पाण्याचा आवाजही ऐकू येतो. आणि स्ट्रॉबेरी? तिचा खरा हंगाम हाच. गादीवाफ्यांवर अंथरलेल्या प्लॅस्टिकवर लालभडक फळं लोळत असतात. देठासकट खुडलेलं, अजून गार असलेलं फळ तोंडात टाकलं की पेटीतल्या फळाची गोडी फिकी वाटते. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे पीक ऐन मे महिन्यात गेलेल्या पर्यटकाला शेतात असं क्वचितच भेटतं. घोडेवाले, हॉटेलवाले यांनाही या दिवसांत बोलायला सवड असते आणि गिऱ्हाइकाची गरजही. म्हणून दोन दिवसांची रजा मेसाठी राखून न ठेवता जानेवारीत टाका; तुमचंही भलं होईल, त्या डोंगराचंही.