हवेचा हिशेब जुळत नाही तेव्हा

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे जुन्या क्रमांक ६ वर, छत्तीसगडच्या सीमेअलीकडे देवरी हे तालुक्याचे गाव आहे. घाऊक खरेदी, मोठा दवाखाना किंवा मुलांचे उच्च शिक्षण यांसाठी येथील कुटुंबांना गोंदिया, नागपूर वा रायपूर गाठावे लागते. अशा ठिकाणी मोटार ही चैन नसून गरज असते. म्हणूनच उभ्या गाडीचे इंजिन थरथरू लागले, आरपीएमचा काटा वरखाली होऊ लागला आणि ब्रेक दाबताच गाडी बंद पडू लागली, की घरात काळजी शिरते. गॅरेजच्या भाषेत याला ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात. मग आज प्लग, उद्या कॉइल, परवा पंप असे एकेक भाग अंदाजाने बदलले जातात. पैसे जातात, दोष मात्र तसाच राहतो.

हा दोष समजून घेण्यास व्यापाऱ्याची जमाखर्चाची दृष्टी उपयोगी पडते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. उभ्या, तापलेल्या गाडीत इंजिन साधारणतः मिनिटाला ७०० ते ८५० फेरे घेते. त्या वेळी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि आत जाणारी हवा अगदी थोडी असते. मोठ्या उलाढालीत चार रुपयांचा फरक लपून जातो, लहान गल्ल्यात तो लगेच दिसतो. वेगात सुरळीत चालणारी गाडी उभी राहताच का अडखळते, याचे एक मोठे कारण हेच.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तेव्हा तिच्यात कार्बोरेटर होता. त्या काळचे कुशल मिस्त्री कानाने आवाज टिपून स्क्रूने ‘स्लो’ जुळवून देत. आता हवेचे मोजमाप सेन्सर करतात आणि इंधन किती सोडायचे ते संगणक ठरवतो. अशा गाडीत दोष न शोधता कसेतरी आरपीएम वाढवून देणे म्हणजे रोकड जुळली नाही म्हणून फरक उचंत खात्यात टाकणे होय. खाते बंद झालेले दिसते, पण चूक आतच राहते.

तपासणीचा क्रम बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू व्हावा. प्रथम पाहावे की काटा खरोखर हलतो, की काटा स्थिर असून केवळ गाडी थरथरते. काटा स्थिर असेल आणि इंजिन एकसारख्या लयीत चालत असेल, तर इंजिनाला आधार देणारे रबरी माउंटिंग झिजलेले असण्याचा संभव असतो. थंड इंजिनाचे आरपीएम आरंभी अधिक असणे आणि एसी लावताच त्यात किंचित बदल होणे स्वाभाविक आहे. दोष थंडपणी होतो की तापल्यावर, एसी लावल्यावर की नेहमीच, याची टिपण मिस्त्रीला दिल्यास त्याचे निम्मे काम सोपे होते.

त्यानंतर एअर फिल्टर आणि रबरी नळ्या पाहाव्यात. तडकलेल्या किंवा उंदराने कुरतडलेल्या नळीतून शिरणारी हवा ही वहीत न चढलेली नोंद असते. आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या गाड्यांत तिच्यामुळे मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळते. दाबावरून हवेचा अंदाज बांधणाऱ्या गाड्यांत उलट आरपीएमच वाढलेला राहतो. ही गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडणे धोक्याचे आहे, कारण त्याने आग लागू शकते. थ्रॉटलच्या झडपेभोवती काजळी साचली असेल, तर योग्य द्रावणाने ती स्वच्छ करावी. काही गाड्यांत त्यानंतर संगणकाला नव्याने जुळवून घ्यावे लागते.

पुढचा टप्पा स्कॅनरचा. पी०३०१ हा संकेत पहिल्या सिलिंडरमध्ये प्रज्वलन चुकत असल्याचे सांगतो, तर पी०१७१ हा मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचे. संकेत लक्षण सांगतो, गुन्हेगाराचे नाव सांगत नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद करून पहिली व दुसरी कॉइल आपसांत बदलावी. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला, तर कॉइल दोषी ठरते. तो पहिल्यातच राहिला, तर प्लग आणि इंजेक्टर तपासावेत. या परीक्षेला नवा भाग विकत घ्यावा लागत नाही.

चार सिलिंडरचे इंजिन ८०० आरपीएमवर मिनिटाला १,६०० वेळा प्रज्वलित होते. एक सिलिंडर निकामी झाल्यास त्यांतील ४०० संधी वाया जातात. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवते. त्याची किंमत प्लगच्या कितीतरी पट असते. पण पैशाहून मोठा प्रश्न जीविताचा आहे. इंजिन अचानक बंद पडले, की पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य एकदोन दाबांतच संपते. मागून भरधाव ट्रक येत असताना महामार्गावर हे घडणे अत्यंत घातक आहे. त्याचप्रमाणे बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो.

भाग बदलण्यापूर्वी ‘हा दोषी असल्याचे कशावरून ठरले?’ एवढा एकच प्रश्न नम्रपणे विचारावा आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट त्याच्या कौशल्याची त्यातून कदर होते. केलेली तपासणी, तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवल्यास पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करावा लागत नाही.