वाट्यात काय आले?

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की खाटकाच्या दुकानापुढची गर्दी वाढते. ईदच्या बेताने दोन-चार घरे मिळून एक अख्खा बोकड घेतात आणि त्याचे वाटे घालतात. गावाकडच्या जत्रेत हिंदू घरांतही हीच रीत. प्रत्येक वाट्यात मांडी, बरगडी, मान यांचे थोडे थोडे मांस, कलेजीचा तुकडा, चरबी आणि हाडे. एकाला चांगले आणि दुसऱ्याला उरलेले, असे होत नाही. अडचण पुढे येते. किलोवर बोनलेस घेण्याची सवय लागलेल्या घरात पिशवी उघडली की प्रश्न पडतो, हे नेमके काय आहे आणि याचे करायचे काय?

उत्तर तितके अवघड नाही. जनावराचा जो भाग जास्त राबतो, तो शिजायला जास्त वेळ घेतो. मान, नळी, पाय यांतले चिवट धागे मंद आचेवर तीन-चार तासांत विरघळतात आणि रश्श्याला दाटपणा येतो. म्हणून निहारीला नळी लागते; मान आणि दस्त, म्हणजे खांद्यासकट पुढचा पाय, हलीममध्ये छान मिळून येतात. सीन्यात चरबी आणि कुर्चा असते, तो डाळ-गोश्तात शोभतो. रान म्हणजे मागची मांडी. तिच्यात मांस भरपूर पण चरबी कमी, म्हणून कच्च्या पपईचा लेप लावून सावकाश शिजवावी. पाठीचे चाप मात्र लवकर होतात.

कलेजीचा न्याय उलटा. तापल्या तव्यावर चार-पाच मिनिटे पुरतात, जास्त परतली की ती रबरासारखी होते. गुर्दा मधोमध चिरून आतला पांढरा गाभा काढावा. पाये भाजून, केस खरवडून रात्री चुलीवर ठेवले की सहरीला तयार. मुस्लिम घरातली ओझडी म्हणजे मराठी घरातली वजडीच. ती गरम पाण्यात बुडवून स्वच्छ खरवडायची, हळद घालून उकळायची आणि ते पहिले पाणी फेकून द्यायचे. फरक रक्तीचा. काही मराठी घरांत ती आवडीने होते. इस्लाममध्ये वाहते रक्त निषिद्ध असल्याने मुस्लिम घरात होत नाही.

हे सारे आजी-नानींना पाठ होते. ते विसरल्याने चवीचे नुकसान झालेच, पण त्याहून मोठे नुकसान दानतीचे झाले. न ओळखता येणारे मुंडी, पाये, ओझडी एका पिशवीत भरून दारात आलेल्याच्या हाती ठेवले जाते आणि त्याला खैरात म्हटले जाते. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायातील २६७ वी आयत नेमके हेच रोखते. स्वतःला कोणी दिले तर डोळे मिटूनच घ्यावे लागेल, असे काही दान म्हणून निवडू नये, असे ती सांगते. पाये काही वाईट अन्न नव्हे. पण देणाऱ्याने ते नकोसे म्हणून दिले, तर ते दान राहत नाही.

तिरमिजीच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. घरात बकरी कापली गेली आणि मांस वाटून झाले. काय उरले, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारले. फक्त खांदा उरला, असे हजरत आयशा यांनी सांगितले. त्यावर, खांदा सोडून बाकी सारे उरले, असे ते म्हणाले. जे दुसऱ्याच्या घरी गेले तेच अल्लाहच्या दरबारी जमा झाले, असा त्याचा अर्थ. पुढच्या पायाचे मांस त्यांना विशेष आवडे, हे ठाऊक असले की हा प्रसंग अधिक भिडतो.

यंदा ईदच्या वाट्यातले पाये कोणाला द्यायचेच असतील, तर आधी एकदा घरी शिजवून खावेत. मग त्याच पातेल्यातून वाढून द्यावेत, आणि सोबत रानाचा एक तुकडाही द्यावा.