जुन्या घरात प्लग कमरेच्या वर हवा

सदलग्यातल्या जुन्या घराचे फिटिंग बदलायचे ठरले की घरात वाद होतो तो वायरच्या कंपनीवरून आणि स्विचच्या रंगावरून. प्लग कुठे बसवायचे ते वायरमनवर सोडून दिले जाते आणि तो नव्या फ्लॅटमधली सवय इथे आणतो: भिंतीत झिरी मारायची आणि फरशीपासून वीत-दीड वीत उंचीवर डबी बसवायची. सिमेंटच्या फ्लॅटमध्ये ते चालून जाते. दूधगंगेकाठच्या दगडमातीच्या घरात मात्र ती जागा चुकीची आहे. इथे मुख्य प्लग कमरेच्या वर असावेत, आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त असावेत आणि त्यांची वायर आढ्याकडून खाली यावी.

पहिले कारण पाण्याचे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा यांच्या पुराने या पट्ट्याला झोडपले. पूर ओसरला तरी मातीच्या भिंती कित्येक आठवडे ओल धरून राहतात. काही घरांत तर पूर नसतानाही पावसाळ्यात पायातून ओल चढते. अशा भिंतीतल्या खालच्या डबीत गंज चढतो आणि ओलीतून वीज झिरपू लागते. घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला असेल तर तो अशा वेळी पडतो. त्याचे कामच ते. पण रोज संध्याकाळी सगळ्या घरात अंधार व्हायला लागला की कुणीतरी तो आरसीसीबीच वगळून थेट जोडणी करून टाकतो. म्हणजे प्लगची जागा चुकली की जीव वाचवणारे उपकरणच घराबाहेर जाते. शिवाय मातीच्या भिंतीत झिरी नीट टिकत नाही, गिलावा सुटतो आणि डबी हलू लागते. त्यापेक्षा वरून आणलेली पट्टी फिटिंग दिसायला साधी असली तरी टिकाऊ, आणि बिघाड शोधायलाही सोपी.

संख्येचा प्रश्न याला जोडूनच येतो. जुन्या घरात खोलीला एकच बोर्ड असायचा, तोही दाराशेजारी: एक दिवा, एक पंखा, एक प्लग. त्या काळच्या गरजेला तो पुरेसा होता. आता त्याच एका प्लगमधून एक्स्टेंशन बोर्ड निघतो आणि त्यावर टीव्ही, चार्जर, मिक्सर, कधी पाणी तापवायचा रॉडसुद्धा. 6 अँपिअरचा प्लग 230 व्होल्टला जेमतेम 1,380 वॅट पेलतो. रॉड 1,500 वॅटचा असला तर तो एकटाच ही मर्यादा ओलांडतो. त्याला आणि इंडक्शन शेगडीला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि जाड वायर हवी. अमेरिकेत घराच्या खोल्यांतली भिंतीची कुठलीही जागा प्लगपासून सहा फुटांपेक्षा लांब नसावी असा नियम आहे. त्यामागचा हेतू सरळ आहे, वायर लोंबकळत राहू नये.

उंचीवरचे प्लग ओंगळ दिसतात, वायरी लटकतात, असा आक्षेप येतो. टीव्ही किंवा टेबलामागे प्लग घेतला तर वायर झाकली जाते. आणि इंग्लंडमध्ये नव्या घरांत प्लग 450 ते 1,200 मिलिमीटरच्या पट्ट्यात ठेवतात, ते वाकता न येणाऱ्यांसाठी. आपल्या घरातल्या आजीआजोबांचाही विचार त्यात आलाच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: 2019 सारखा पूर आला तर कमरेवरचा प्लगही बुडेल. बुडेल, हे मान्य. पण घोटाभर-गुडघाभर पाणी शिरते तेव्हा ही उंची कामी येते. छताजवळचे दिवे-पंखे आणि खालचे प्लग यांना वेगवेगळे एमसीबी दिले तर पाणी चढू लागताच प्लगची बाजू बंद करून दिवे चालू ठेवता येतात. पाणी बोर्डांपर्यंत येण्याआधी मात्र मेन स्विच पाडायचाच. राहिला खर्च. जास्तीच्या वायरीचा आणि डब्यांचा भार एकूण फिटिंगच्या मानाने हलका असतो. आणि 2023 पासून कर्नाटक सरकारच्या ‘गृहज्योती’ या मोफत वीज योजनेमुळे ज्यांचे बिल शून्यावर आले त्यांना तो उचलणे अवघड नाही. वायरमन यायच्या आदल्या दिवशी फ्रिज कुठे, शिलाई मशीन कुठे, अभ्यासाला मूल कुठे बसते, हे ठरवून भिंतीवर खडूने खुणा कराव्यात आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.