म्हणे, फायरवॉल बंद करा!

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे.

इंटरनेटवर चालणाऱ्या फोनवरून आपला फोन बाहेर लागतो, पण बाहेरचा आपल्याकडे वाजतच नाही, अशी तक्रार कोणाकडेही करून पाहा. एकच औषध सांगतात, 'फायरवॉल बंद करा.' आमच्याकडे आलेला मुलगा तर खास नागपुरी थाटात म्हणाला, "काकू, ऑफच करून देतो न, झंझटच नाही!" मी त्याला चहा दिला, पण राउटरला हात लावू दिला नाही. दाराची बेल वाजत नाही म्हणून दारच काढून ठेवतं का कोणी?

मी काही इंजिनिअर नाही. जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला, बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातून. पण घरातली वस्तू काय करते हे कळायला मराठी पुरते, फक्त कोणी नीट सांगायला हवं. ते कोणी करत नाही, म्हणून हा खटाटोप.

'व्हॉट्सॲप असताना हा फोन हवाच कशाला?' असं आमची भाचेकंपनी विचारणारच. तर आमच्या ह्यांचे हात थरथरतात. पडद्यावर बोट सरकवून फोन उचलायला गेले की तो कट होतो. स्काइपवर संगणकासमोर बसून बोलणं जमायचं, पण ते ५ मे २०२५ ला कायमचं बंद झालं. मग न्यू जर्सीच्या लेकीनं टेबलावर ठेवायचा आयपी फोन घेऊन दिला. मोठी बटणं, खणखणीत घंटी. तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसहा. त्या वेळी मी फिरायला गेलेली, घरात हे एकटे. लेक तीन दिवस फोन लावत होती आणि इकडे घंटीच नाही. तिला वाटलं बाबा मुद्दाम उचलत नाहीत, ह्यांना वाटलं लेक विसरली. दोघंही मनाला लावून घेणारे, त्यामुळे मला कोणीच काही बोललं नाही. चौथ्या दिवशी ह्यांनी चहा तसाच ठेवला, तेव्हा मी विचारलं.

आमच्या पिढीनं ट्रंक कॉल लावलेत. तासन्‌तास बसायचं, घाई असेल तर लाइटनिंग कॉलला आठपट पैसे मोजायचे. पण लागला नाही तर लागला नाही असं ऑपरेटर सांगायची तरी! इथे फोन वाटेत अडला हे ना लावणाऱ्याला कळतं, ना ज्याला लावला त्याला.

तो अडतो कसा? महालातला एखादा जुना वाडा डोळ्यासमोर आणा. बाहेरच्या जगाला पत्ता एकच, वाड्याचा. आत बिऱ्हाडं दहा. राउटर हा दिंडी दरवाज्यावरचा रखवालदार. आतून कोणी बाहेर निरोप धाडला की तो वहीत टिपून ठेवतो, अमक्या खोलीतून तमक्याकडे गेला, उत्तर आलं तर त्याच खोलीत द्यायचं. न बोलावता आलेल्याला तो दारातच थांबवतो, 'का' हेसुद्धा सांगत नाही. फायरवॉल म्हणतात ती हीच, आणि ती आपलं काम चोख करत असते.

गोम त्या वहीत आहे. काही वेळ बोलणं झालं नाही की रखवालदार नोंद खोडून टाकतो, कुठे अर्ध्या मिनिटात, कुठे काही मिनिटांत. आपला फोन मात्र सेवा देणाऱ्याकडे 'मी इथे आहे' असं पुष्कळदा तासातून एकदाच कळवतो. मधल्या वेळात न्यू जर्सीहून फोन आला, तर वहीत काहीच नाही!

हे ओळखायची खूण सोपी आहे. आपण फोन करून ठेवला की लगेच उलट करायला सांगा. वाजेल. मग वीस मिनिटं काही न करता पुन्हा करायला सांगा. आता वाजला नाही, तर रोग बहुधा हाच. औषध फोनच्याच सेटिंगमध्ये 'कीप अलाइव्ह' या नावानं असतं. दर वीस-तीस सेकंदांनी फोननं खोकून दाखवायचं, म्हणजे नोंद खोडली जात नाही. आमचा फोन एवढ्यावरच वाजू लागला.

दुसरा प्रकार, घंटी वाजते पण आवाज एकीकडूनच. इथे फोननं पत्रात स्वतःचा पत्ता 'मागची खोली' असा घातलेला असतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरच्याघरी वापरायला राखून ठेवलेत आणि जगभर असंख्य घरांत तेच आहेत. कुठल्या वाड्याची मागची खोली, कळणार कसं? काही राउटर मग पाकीट फोडून पत्ता स्वतःच दुरुस्त करतात. त्याला 'सिप एएलजी' म्हणतात. हेतू चांगला, अक्षर वाईट. पुष्कळदा घोळ तिथेच होतो, तेव्हा बंद करून पाहायचं तर ते पाहा. फोनमध्ये 'स्टन' नावाची सोय असते, तिच्यानं फोन वाड्याचा बाहेरचा पत्ता आधी विचारून घेतो.

आणि दार उघडं टाकलं तर काय होतं तेही ऐका. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे कोणी हुशारानं ५०६० क्रमांकाचं दार जगाला मोकळं करून दिलं. आठवड्याच्या आत रात्री दोनला घंटी. उचलावं तर पलीकडे कोणी नाही, पडद्यावर १००, १००१ असले आकडे. उघडी दारं हुडकत फिरणाऱ्या प्रोग्रामांचा हा उद्योग. पण ज्यांचा मुलगा परदेशात आहे त्यांच्या छातीत रात्री दोनच्या घंटीनं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. शेवटी ते दार लावलं आणि 'फक्त आपल्या सेवेकडूनच आलेला कॉल घे' असं फोनला बजावलं, तेव्हा वहिनी झोपल्या. असो.

माझा खरा राग पुढेच आहे. जुन्या पद्धतीचे इंटरनेट-पत्ते जगात मिळून साधारण ४३० कोटी. ते पुरेनात, म्हणून कितीतरी कंपन्या अनेक घरांत मिळून बाहेरचा एकच पत्ता वाटून देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला तर समजा, आपल्या वाड्याभोवती आणखी मोठा वाडा आहे. हा पट्टा २०१२ साली त्यासाठीच राखला. त्या मोठ्या दरवाज्याची किल्ली आपल्याकडे नसते. घरची फायरवॉल बंद केली तरी तिथे अडलेला कॉल अडलेलाच राहणार, आपण मात्र उघडे पडणार. आपल्या देशात इंटरनेटवरून बोलायला रीतसर परवानगी मिळाली १ एप्रिल २००२ ला. इतकी वर्षं झाली, तरी कनेक्शन देताना वेग किती, पिक्चर किती फुकट, एवढंच सांगतात. बाहेरचा पत्ता एकट्याचा की वाटणीचा, ही एक ओळ पावतीवर छापायला काय जातं?

विचारलंत तर वेगळे पैसे भरून स्वतःचा पत्ता घ्या म्हणतील. आधी कीप अलाइव्ह लावून पाहा. ते मोठ्या वाड्याच्या वहीतही चालतं, आणि फुकट आहे.