आधी खोली, मग माइक

घरच्या घरी आवाजाचे ध्वनिमुद्रण करणे ही आता केवळ हौस राहिलेली नाही. हातगाडीवर वाजणारी भाजी-फळांची पुकार, दुकानाची जाहिरात, नात आणि हम्द, शिकवणीचे धडे, बोलकी पुस्तके अशी कितीतरी कामे आज दहा बाय दहाच्या खोलीत होतात. आपल्या वस्त्यांतील तरुणही या धंद्याकडे वळत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु या धंद्यात घातलेले भांडवल बऱ्याचदा चुकीच्या जागी अडकते आणि ज्या कारागिरांच्या हाताला त्यातून काम मिळू शकते त्यांना त्याची खबरही नसते. या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्र व्हायला हवा.

दोष कोठे आहे?

नेहमीचा अनुभव असा की, आवाज नीट येत नाही म्हणून माणूस बाजारात जातो आणि महागडा माइक घेऊन येतो. घरी येऊन पाहतो तर आवाज पूर्वीसारखाच, विहिरीतून आल्यासारखा. मग त्याहून महाग माइकचा विचार सुरू होतो. दोष माइकमध्ये नसतो, भिंतीत असतो, हे त्याला कोणी सांगतच नाही.

१९७९ मध्ये टास्कॅम या जपानी कंपनीने कॅसेटवर चार पदरी ध्वनिमुद्रण करणारे पोर्टास्टुडिओ हे यंत्र बाजारात आणले. तेव्हापासून स्टुडिओतील एकेक यंत्र स्वस्त होऊन घरात येत गेले. यंत्र घरात आले, पण स्टुडिओची भिंत मात्र स्टुडिओतच राहिली. तोंडातून निघालेला आवाज माइकपर्यंत दोन वाटांनी पोचतो. एक सरळ आणि दुसरी भिंत, छत व फरशी यांवर आपटून. उघड्या सिमेंटच्या खोलीत ही दुसरी वाट फार मोठी असते. माइक जितका संवेदनशील, तितका तो हा घुमारा अधिक इमानाने टिपतो. म्हणून महाग माइकने कधी कधी आवाज आणखी बिघडतो.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागिराला विचारा, तो सांगेल की भोपळा जमला नसेल तर कितीही भारी तार लावून उपयोग नाही. माइक ही तार आहे, खोली हा भोपळा आहे.

पैसा कोणत्या क्रमाने घालावा?

पहिली सुधारणा फुकटची आहे, ती म्हणजे अंतर. माइकपासूनचे अंतर निम्मे केले की सरळ आवाज सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. चाळीस सेंटिमीटरवरून दहावर आलात तर बारा डेसिबलचा फायदा होतो. इतक्या जवळून 'प' आणि 'फ' म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळतो, म्हणून माइक तोंडाच्या किंचित बाजूला ठेवावा व मध्ये भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून बसवलेला पातळ नायलॉनचा कपडा धरावा. फार जवळ गेल्यास आवाज जड होतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी सुधारणा खोलीची. खोलीत उभे राहून टाळी वाजवा. टाळीनंतर झणझण ऐकू आली तर आधी खर्च तेथेच करावा. येथे एक बारकावा आहे. समोरचा आवाज घेणाऱ्या माइकची पाठ बहिरी असते, त्यामुळे बोलणाऱ्याच्या पाठीमागे जी भिंत आहे ती माइकला सर्वांत जास्त ऐकू येते. लोक माइकच्या मागे पडदा लावतात आणि स्वतःच्या मागची भिंत उघडी ठेवतात. आधी आपल्या पाठीमागे, मग दोन्ही बाजूंना आणि जमल्यास डोक्यावर, असा क्रम धरावा.

तिसरी सुधारणा खोलीला शोभेल असा माइक. अजून घुमणाऱ्या खोलीत साधा डायनॅमिक माइक बरा. तो तोंडाजवळ धरायचा असल्याने दूरचे कमी ऐकतो. अठ्ठेचाळीस व्होल्टवर चालणारा कंडेन्सर माइक बारीकसारीक सगळे टिपतो, तो शांत केलेल्या खोलीतच घ्यावा.

चौथी सुधारणा लॅपटॉपच्या बारीक भोकात माइक घालणे थांबवून ऑडिओ इंटरफेस घेणे. मागचा सूं आवाज त्याने पुष्कळ कमी होतो. घूं असा पन्नास हर्ट्झचा आवाज येत असेल तर यंत्राला दोष देण्यापूर्वी घरची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावी. ध्वनिमुद्रण चोवीस बिटवर करावे आणि पातळी कमाल मर्यादेच्या दहा-बारा डेसिबल खाली ठेवावी, म्हणजे एखादा शब्द जोरात गेला तरी फाटत नाही. पाचवा क्रमांक कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनचा. स्पीकर सर्वांत शेवटी, कारण न सुधारलेल्या खोलीत तेही खोटेच सांगतात.

सोन्याचा मुलामा दिलेली केबल किंवा १९२ किलोहर्ट्झचे आकडे यांवर पैसा घालू नये. माणसाचा कान वीस किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाही आणि ४४.१ किलोहर्ट्झवर केलेल्या ध्वनिमुद्रणात तेवढे सगळे मावते.

आपल्या कारागिरांचे काम

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वरच्या यादीतील माइक आणि इंटरफेस बहुधा बाहेरून येतात. आपला व्यापारी त्यावर थोडासा नफा घेतो, इतकेच. पण दुसऱ्या क्रमांकाची सुधारणा, जिने सर्वांत मोठा फरक पडतो, ती पूर्णपणे आपल्या कारागिरांच्या हातची आहे. दोन बाय चार फुटांची आणि चार इंच खोल लाकडी चौकट सुताराने करावी. तिच्यात गादीवाल्याने घट्ट, सारखा भराव भरावा. वर शिंप्याने कापड ताणून शिवावे. अशा चार चौकटी एका लहान खोलीचा रंग बदलून टाकतात. फोमच्या गाद्यांनी आपल्या पिंजारी बांधवांचे काम हिरावले. त्याच हातांना येथे नवी वाट आहे.

मात्र काम जाणून करावे लागेल. पातळ पडदा किंवा एका इंचाचा थर फक्त वरचे पातळ स्वर शोषतो, मग आवाज मडक्यात बोलल्यासारखा उरतो. जाडी चार इंच हवी आणि चौकट भिंतीपासून दोन-चार इंच पुढे टांगावी. कापड असे हवे की तोंडाला लावून फुंकर मारली तर हवा आरपार जावी. मालेगाव-भिवंडीच्या मागांवरचे साधे सुती कापड चालेल, रेक्झिन चालणार नाही. अंड्यांचे ट्रे चिकटवून काही साधत नाही.

भरावासाठी घनमीटरला अठ्ठेचाळीस किलो वजनाची रॉकवूल उत्तम, कारण ती पेट घेत नाही. मात्र तिचे तंतू अंगाला खाजतात. काम करताना हातमोजे आणि तोंडावर मास्क हवाच, व मागून अस्तर शिवणे आवश्यक. कापूसही चालतो, पण तो जळतो. कापसाची चौकट वायर आणि दिव्यापासून दूर ठेवावी आणि गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. गादीचा साधा फोम भिंतीला लावणे तर टाळावेच. २००३ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एका क्लबच्या भिंतीवरील फोमने आतषबाजीची ठिणगी घेतली आणि शंभर माणसे दगावली. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारिया शहरात तसेच घडून २४२ जणांचा जीव गेला. चार पैसे वाचवण्यासाठी कोणाच्या घरात असा माल लावणे हा धंदा नव्हे.

आणखी एक खोटी हमी देऊ नये. या चौकटी घुमारा शोषतात, रस्त्यावरचा हॉर्न अडवत नाहीत. बाहेरचा आवाज अडवायला वजनदार भिंत आणि फटी बुजवलेले दार लागते. 'साउंडप्रूफ' म्हणून विकाल तर पहिल्याच आठवड्यात माल परत येईल.

दुकानदारांसाठी

'गिऱ्हाईक भिंतीसाठी पैसे देत नाही, त्याला यंत्रच हवे असते,' असे दुकानदार म्हणतील. खरे आहे, कारण भिंतीचा फरक त्याने कधी ऐकलेला नसतो. तो ऐकवावा. त्याच्याच मोबाइलवर, त्याच्याच खोलीत, एकच वाक्य चौकटी लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर टिपून दोन्ही एकामागून एक वाजवावे. याहून मोठी जाहिरात नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला पायावर उभ्या राहणाऱ्या चौकटी द्याव्यात, घर बदलले तरी त्या सोबत जातात.

यंत्रे विकताना सचोटी तर हवीच. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा माइक १९६६ पासून बनतो आहे आणि त्याची नक्कल जगभर विकली जाते. कंपनी स्वतः ग्राहकांना सावध करत आली आहे. नक्कल असल म्हणून विकणे ही मापात खोट करण्यासारखीच गोष्ट आहे. आणि ज्याची खोली घुमते त्याला गरज नसताना महाग कंडेन्सर गळ्यात मारणे, हेही त्याहून फार वेगळे नाही.

आवाजाच्या कामात आता कडक अटी येत आहेत. परदेशात बोलकी पुस्तके घेणाऱ्या एसीएक्स या केंद्राची अट आहे की कोणी बोलत नसताना मागचा आवाज उणे साठ डेसिबलच्या खाली असावा. आपल्याकडे काम देणारेही उद्या हेच मागतील. त्या वेळी ज्याने कर्ज काढून माइक घेतला तो नव्हे, तर ज्याने खोली सुधारली तो टिकेल. सुतार, गादीवाला, शिंपी आणि वायरमन यांनी एकत्र येऊन एक खोली नमुन्यादाखल तयार करावी आणि गिऱ्हाइकाला तेथे बोलावून ऐकवावे. कौशल्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, मागणी दाराशी आहे. मधला दुवा आपण जोडला नाही, तर बाहेरचा कारखानदार तयार माल घेऊन येईल आणि आपण तोही केवळ विकत बसू.